डोळे उघडायचे नाहीत

झोप उडाल्यापासून कुसुम नौटियाल रोज दुपारी ऋषिकेशच्या आश्रमात योगनिद्रेला जायची. सगळ्याजणी सतरंजीवर उताण्या पडत. स्वामीजी एकेका अवयवाचं नाव घेत, आपण मन तिथे न्यायचं.

"उजव्या हाताचा अंगठा," स्वामीजी म्हणाले, आणि तिचा अंगठा कुणीतरी चाटला. कोमट, चिकट, वास नासक्या दुधाचा. शी!

"दीदी, मांजर शिरलंय का गं?" ती शेजारच्या गोदांबरीला कुजबुजली.

"मांजर नाही ते. आणि हलू नकोस बाई, नाहीतर पुन्हा अंगठ्यापासून सुरू करतील."

तळहात. मनगट. गाल. नाव निघेल तिथे लाळ. कुसुमने दात-ओठ घट्ट आवळले.

"आता जीभ," स्वामीजी मायेने म्हणाले.

मिटलेल्या तोंडात, तिच्या जिभेला खेटून, दुसरी एक जीभ ऐसपैस आडवी झाली.