रेवतीचं ताट

आरोग्यसेविकेने रेवतीचं ताट उलटसुलट करून पाहिलं. अशी ताटं आता घरोघरी, माणशी एक आली होती. ज्याच्या नावाचं ताट, त्याच्याच यकृतातला लोहाचा साठा ताटाला कळे, आणि कमी असेल तेवढे थेंब ते काठातून जेवणात सोडी.

"ताट चांगलं आहे," सेविका म्हणाली. "मग ह्यांना चक्कर आली कशी? साठा पार तळाला गेलाय. रोज ह्यातच जेवता ना, ताई?"

"हो," पलंगावरून रेवती म्हणाली.

दिगंबरने मान खाली घातली. लग्न झाल्यापासून रेवती त्याच्या मागून, त्याच्याच उष्ट्या ताटात वाढून घेई. त्याच्या आईची पद्धत. नवी ताटं आली तेव्हा रेवतीने विचारलं होतं, "आता माझ्या ताटात जेवू का?" तो हसून म्हणाला होता, "तुझी मर्जी. मला आपलं हेच बरं वाटतं."

त्याचा स्वतःचा साठा भरलेला होता. त्याच्या ताटातून कधी थेंब पडलाच नव्हता.

सेविका गेल्यावर त्याने रेवतीचं ताट धुतलं, वरणभात वाढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"अहो, तुमचं व्हायचंय अजून."

"आधी तू जेव."

काठातून एक थेंब पडला, मग दुसरा. वरण तांबूस झालं तरी थेंब थांबेनात.

"बिघडलं वाटतं हे," रेवती म्हणाली.

"नाही," दिगंबर कसाबसा म्हणाला. "ताट चांगलं आहे."