बाकावरचा माणूस

"बाळ झालं की तुला जो-तो चोर दिसायला लागेल," असं थोरली बहीण म्हणाली होती, तेव्हा टिल्डे खो-खो हसली होती.

आज चार महिन्यांची आल्मा डेन्मार्कच्या ओडेन्से शहरातल्या सगळ्या बाळांसारखी कॅफेबाहेर, बाबागाडीतच झोपली होती आणि टिल्डेला काचेतून बाकावरचा तो परदेशी माणूस खुपत होता. तासभर हातात मोबाइल नाही, पुस्तक नाही. नुसता रांगेतल्या बाबागाड्यांकडे बघून हसतोय!

"अगं, ब्राझीलहून ऑफिसच्या कामासाठी आलाय तो," कॅफेवाली गिट्टे म्हणाली. "साडेतीनला सुटतो आणि ऊन खात बसतो. आपल्याकडचा निवांतपणा फार आवडलाय म्हणे त्याला."

"साडेतीनला? मग काम कधी करतो?"

"तुझा नवरा करतो तेव्हाच!"

टिल्डेला हसू आलं नाही. तो उठून गाड्यांच्या दिशेने यायला लागला, तशी ती धावतच बाहेर गेली, दाराजवळची करडी गाडी ओढली आणि तडक घराची वाट धरली. तो मागून हात हलवत काहीतरी ओरडत होता. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी पोचल्यावरच गाडीवरची जाळी वर केली.

 

लगेच ओडेन्सेतल्या आयांच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला: "गिट्टेच्या कॅफेजवळ कोणी आहे का? मी दुसरीचंच बाळ घरी आणलंय, परत निघालेय. माझी आल्मा तिथेच आहे, जरा बघा ना. आणि बाकावर एक परदेशी गृहस्थ असतील, त्यांना म्हणावं, मी येईपर्यंत तिच्याजवळून हलू नका."