डावं मडगार्ड

"हे मडगार्ड तुम्ही स्वतः बनवलंत?" अपेक्षाने विचारलं.

शंतनूने गाडीकडे पाहिलं. दोन सीटांची, उघड्या टपाची, सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बनलेली स्पोर्ट्स कार. गिरगावातल्या वाडीत, घराखालच्या गाळ्यात, गेले चौदा महिने तो ती पुन्हा उभी करत होता. उजवं मडगार्ड मूळचं होतं. डावं गंजून गळून पडलेलं, म्हणून कोऱ्या पत्र्यातून नवीन काढलेलं. त्याला अजून रंग लागला नव्हता, पण दोन्हींच्या वळणात केसाचाही फरक दिसत नव्हता.

"हो," तो म्हणाला.

एवढंच. पुढे काही जोडायला वेळ होता. तो त्याने जाऊ दिला.

अपेक्षा गाड्यांच्या मासिकात लिहायची. शंतनूने नेटवर गाडीचे फोटो टाकले होते आणि वर लिहिलं होतं, ‘घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी’. ते वाचूनच ती रविवारी सकाळी फोटोग्राफर सुशांतला घेऊन आली होती. लिहिलेलं सगळंच खोटं नव्हतं. वायरिंग शंतनूने केलं होतं. इंजिन खोलून पुन्हा बसवलं होतं. पत्र्याला मात्र त्याने हात लावला नव्हता.

"आणि हे काका?"

भिंतीजवळच्या स्टुलावर गुणाजी बसले होते. लालबागला राहणारे, सत्तरी ओलांडलेले पत्र्याचे कारागीर. चार महिने रोज येऊन त्यांनी ते मडगार्ड ठोकून काढलं होतं. आज फोटो काढायला येणार म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

"मदतीला असतात," शंतनू म्हणाला.

"हो बाई, मदतीला," गुणाजी म्हणाले.

सुशांतला काम करतानाचा फोटो हवा होता. "सर, मारू नका, नुसतं मारताय असं दाखवा." शंतनूने पत्रा ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि मडगार्डावर धरली. सुशांतने कॅमेरा डोळ्याला लावला.

गुणाजी उठले. त्यांनी शंतनूची बोटं एकेक करून सोडवली आणि दांड्याच्या पार टोकाला नेऊन पुन्हा मिटली.

"मागं धरा, साहेब. पुढं धरलं की मनगट भरून येतं."

कालपर्यंत ते त्याला शंतनू म्हणायचे. ‘अरे शंतनू, उजेड सोड’, असं.

"काका, जरा बाजूला होता का? तुमची बाही येतेय," सुशांत म्हणाला.

गुणाजी बाजूला झाले. मग गाळ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

फोटो छान आले. अपेक्षाने शंतनूला दाखवले. मोगरी अगदी बरोबर धरली होती.

पाहुणे गेले. शंतनू वळला तर गुणाजी आत आले होते. शर्ट काढून त्यांनी खिळ्याला अडकवला होता आणि बनियनवर गाडीच्या दाराशी वाकले होते.

"काका, मघाशी मी..."

"या दाराला खालनं अजून अर्धा सूत फट हाय," गुणाजी म्हणाले. "बघितलीत का?"

शंतनू तसाच अनवाणी बाहेर पडला. वाडीतून धावत तो रस्त्यावर आला. सुशांत टॅक्सीला हात करत होता.

"मडगार्ड मी नाही केलं," शंतनू धापा टाकत म्हणाला. "ती मोगरी मी आज पहिल्यांदा हातात धरली."

टॅक्सी थांबली होती. अपेक्षाने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. टॅक्सीवाल्याला तिने हातानेच जायला सांगितलं.

तिघांना परत आलेलं पाहून गुणाजी सरळ झाले.

"काका, चुकलं माझं," शंतनू म्हणाला. "फोटो तुमचा काढायचाय."

"आता कशाला? झाला की."

"नाही. तुमचाच हवा."

गुणाजींनी अपेक्षाकडे पाहिलं, सुशांतकडे पाहिलं. नको म्हटलं असतं तर पाहुण्यांसमोर शंतनू तोंडघशी पडला असता. त्यांनी खिळ्यावरचा शर्ट काढला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. आपण त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतोय, हे तेव्हा शंतनूच्या लक्षात आलं.

अपेक्षाने वही उघडली. "यांचं पूर्ण नाव काय?" तिने शंतनूला विचारलं.

शंतनूने तोंड उघडलं. त्याच्या मोबाइलमध्ये ‘गुणाजी पत्रा’ एवढंच नाव होतं.

वाडीत कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं.

"गुणाजी सखाराम तावडे," गुणाजी म्हणाले. अपेक्षाची पेन्सिल थांबेपर्यंत वाट पाहून त्यांनी पुढे सांगितलं, "ता-व-डे."

"कधीपासून करता हे काम?"

"मिल बंद पडल्यापासनं."

"आणि हे मडगार्ड? कसं काढलंत इतकं हुबेहूब?"

"उजव्यावर हात फिरवायचा, डोळे मिटून. मग डाव्यावर फिरवायचा." ते थांबले. "हाताला कळतं. सांगता नाय येत."

सुशांतने त्यांना मडगार्डाजवळ उभं केलं. गुणाजी ताठ उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना सोडून. मडगार्डाला त्यांनी हात लावला नाही.

"सर, तुम्ही पण या ना शेजारी," सुशांत म्हणाला.

शंतनू गाळ्याच्या दारातच उभा होता. "नको. त्यांचाच काढा."

गुणाजी कॅमेऱ्याकडेच बघत होते.

"या साहेब," ते म्हणाले. "नायतर लोकांना वाटायचं, गाडी माझी हाय."