सहा नंबरचं फुप्फुस

सहा नंबरच्या फुप्फुसात उजवीकडे तळाशी आजही एकही कण पोचला नव्हता. पडद्यावर बाकी सगळीकडे औषधाचे निळे ठिपके बसले होते. तेवढा कोपरा मात्र कोरडा ठणठणीत.

"झालं कल्याण!" तिनं कपाळाला हात लावला.

तोंडानं ओढलेला औषधाचा फवारा छातीत कुठे कुठे जाऊन बसेल, ते आधीच दाखवणारा प्रोग्राम होता तो. कणांचा हिशेब झटपट व्हावा म्हणून तिनं त्यासाठी ऑक्ट्री नावाची मांडणी रचली होती. सगळी जागा एका खोक्यात घालायची, खोक्याचे आठ भाग करायचे, ज्या भागात गर्दी असेल त्याचे पुन्हा आठ. रिकाम्या भागाकडे ढुंकूनही बघायचं नाही. कल्पना तिची आणि हट्टही तिचाच. जुनी पद्धत रखडत का होईना चालत होती. ती बदलायला तिनं सगळ्यांशी वाद घातला होता. आता हेच चुकलं तर कुठल्या तोंडानं ऑफिसात वावरायचं?

तपासणीचे नमुने घरचेच होते. निरोगी माणसं हवीत म्हणून ऑफिसातल्या लोकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी छातीचे स्कॅन काढून दिले होते. सासूबाई हौसेनं आल्या होत्या, नवऱ्याला ओढत न्यावं लागलं होतं. नावं स्कॅन विभागाकडे. इकडे नुसते नंबर. निरोगी फुप्फुसात औषध सगळीकडे पोचायलाच हवं. नाही पोचलं तर चूक प्रोग्रामची, हे सगळेच धरून चालले होते.

"सहा नंबर काढून टाक," टीमचे प्रमुख म्हणाले. प्रत्येक गोष्ट दोनदा समजावायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. "बाकीचे बरोबर येतायत ना? हॉस्पिटलवाले खोळंबलेत."

"आणि खऱ्या पेशंटच्या वेळी असंच झालं तर?"

"मग जुन्या पद्धतीवर जाऊ परत. मला काय, दोन्ही सारखंच."

तिला ते फार लागलं. ती हट्टाला पेटली. दोन खोक्यांच्या बरोबर सीमेवर पडलेला कण कुठल्याच खोक्यात मोजला जात नव्हता, हे तिनं शोधून काढलं. मोठ्या आशेनं ते दुरुस्त केलं. सहा नंबरचा कोपरा तरीही कोरडाच राहिला.

घरी ती ताटातलं जेवण नुसतं चिवडत बसली.

"चूक तुझी नसेलच," नवरा म्हणाला. "त्या फुप्फुसाचीच असेल."

"काहीतरीच काय! धडधाकट माणसं आहेत ती सगळी."

"मग देवाला साकडं घाल. म्हणावं, एवढ्या वेळी चूक दुसऱ्या कुणाची तरी निघू दे."

ती हसली. पण ताटं उचलताना तिनं मनातल्या मनात खरोखरच तसं मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवटचा उपाय केला. खोकी नकोत, आठ भाग नकोत. एकेक कण फुप्फुसाच्या प्रत्येक भिंतीशी ताडून बघायचा. मशीन दिवसभर धापा टाकत राहिलं. उत्तर आलं तेव्हा गुरुजी खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

आधीच्या चित्राशी ठिपक्याला ठिपका जुळत होता. कोपरा तसाच कोरडा.

"तुझी रचना बरोबर आहे," गुरुजी सावकाश म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग हा कोपरा?"

गुरुजींनी स्कॅन विभागाला फोन लावला. "सहा नंबर जो कोणी असेल, त्याला आत्ताच्या आत्ता कळवा. उजव्या फुप्फुसात तळाशी काहीतरी अडलंय, ताबडतोब डॉक्टरांना दाखवायला सांगा. ताबडतोब. नाव आम्हाला सांगू नका."

कोण असेल बिचारं, असं वाटून तिला क्षणभर वाईट वाटलं. पण छातीवरचं ओझं असं उतरलं होतं की तिला खोलीत बसवेना. व्हरांड्यात येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

"ऐकलंस का? माझं चुकलंच नव्हतं! तू म्हणालास तस्सं निघालं, खोट त्या फुप्फुसातच होती!"

"बघ! मी काय सांगत होतो?" तो मनापासून हसला. "आज बाहेर जेवू या, तू म्हणशील तिथे... अगं, एक मिनिट धर हं. दुसरा फोन येतोय. तुमच्या स्कॅन विभागाचाच दिसतोय."