आरामाची रेघ

“आता मूठ वळा.”

कारागिराने डोळे मिटून मूठ वळली. मूठ नव्हतीच. उजवा हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर संपत होता. टेबलावर पकडीत बसवलेला यांत्रिक हात जागचा हलला नाही.

“परत वळा,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

“वळलीय मॅडम. केव्हाचीच. नखं रुततायत तळव्यात.”

पडद्यावरची रेघ सपाट होती.

सात वर्षांपूर्वी ट्रकचं चाक त्याच्या हातावरून गेलं. त्या आधी तीस वर्षं त्याने लोकांचे केस कापले होते. उरलेल्या हाताच्या नसेत डॉक्टरांनी केसाहून बारीक तारा बसवल्या. मेंदू गेलेल्या बोटांना हुकूम सोडतच असतो, तारांनी तो पकडायचा, यांत्रिक हाताने पाळायचा. किती वर्षं पकडता येतो, हे संशोधन संस्थेला बघायचं होतं. म्हणून दर मंगळवारी नोंद.

पहिली चार वर्षं नोंद सुरेख आली. तिसऱ्या वर्षी तर यांत्रिक हाताने कात्री धरून त्याने मोठ्या डॉक्टरांचे कल्ले कापले. त्याचा फोटो व्हरांड्यात लावला होता. फोटोत डॉक्टर अख्खे होते, कारागीर मनगटापुरता. तेही मनगट संस्थेचं.

नोंदीची सुरुवात दोन मिनिटांच्या आरामाने व्हायची. आरामात जे उमटेल ते यंत्र शून्य धरायचं. त्याच्या वर जे चढेल तोच हुकूम. आधीचा तंत्रज्ञ फर्मावायचा, “हात मेलाय असं समजा.”

दोन वर्षांपूर्वी बाई कामावर आल्या. हे ऐकून त्यांचं डोकंच फिरलं. ज्याचा हात खरोखर मेला, त्याला हे सांगायचं? त्यांनी पहिल्याच मंगळवारी वाक्य बदललं.

“दुकानात काम नसताना हात जसा असतो ना, तसा असू द्या. बाकी काही करू नका.”

कारागिराचा चेहरा सैलावला. “एवढंच? हे तर झोपेतही जमेल.” थोड्या वेळाने त्याने विचारलंही, “हाच आराम ना, मॅडम?”

“हाच. छान चाललंय.”

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या नोंदीसाठी तेच वाक्य सगळ्या तंत्रज्ञांना वापरायला लावलं. माणुसकी म्हणून.

त्याच वर्षी रेघ खचू लागली. आधी थोडी, मग पार. आरामातच गोंगाट वाढला. बारीक थरथर, सेकंदाला तीन ठोके, एकसारखी. बाईंनी पंखा बंद केला. केबल बदलली. एका दुपारी लिफ्टही थांबवायला लावली आणि चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. थरथर गेली नाही.

“व्रण धरलाय तारांभोवती,” मोठे डॉक्टर पडद्याकडे न बघता म्हणाले. “शरीराला परकं खपत नाही. मरताना तार अशीच कुरकुरते. काढून टाकू.”

“आणि हात?” कारागिराने विचारलं.

“हात संस्थेचा आहे.”

“नस माझी, तारा तुमच्या, हात संस्थेचा. मग रात्रंदिवस ठणकतं ते कुणाचं?”

डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

“परत कधी बसवता येतील?”

“त्याच नसेत? नाही. एकदा काढल्या की संपलं.”

डॉक्टर गेल्यावर तो बाईंना म्हणाला, “मला फक्त कात्री धरायचीय. मुलगी चालवते दुकान, तिचं काही अडत नाही. पण मी बाकावर बसून पेपर वाचणारा माणूस नाही. काहीतरी करा.”

बाईंनी भांडून एक महिना मिळवला. शून्य जास्त अचूक यावं म्हणून आराम दोन मिनिटांवरून पाच मिनिटांवर नेला. कारागिराने चारही मंगळवार मन लावून आराम केला. डोळे मिटून, ओठांवर हसू ठेवून. चौथ्या मंगळवारी रेघ इतकी सपाट आली की वाद घालायला काही उरलं नाही.

गुरुवारी तारा काढल्या. नसेत रुतवलेल्या तारा किती वर्षांत निकामी होतात, यावर डॉक्टरांचा लेख महिन्याभरात स्वीकारलाही गेला. माणसाचं नुकसान झालं तरी संस्थेचं होत नाही, तिला निष्कर्ष मिळतो.

यांत्रिक हात परत केल्याच्या कागदावर सही राहिली होती. शिपायाला पाठवता आलं असतं. बाई स्वतः गेल्या.

दुकान लहान होतं, दोन खुर्च्यांचं. कारागीर बाकावर पेपर घेऊन बसला होता. त्याने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

“चहा घेऊन जा,” तो म्हणाला. “ही माझी मुलगी. हात माझ्यावर गेलाय तिचा. मीच शिकवलंय.”

“शिकवलंय कसलं, मारून मुटकून बसवलंय,” मुलगी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन वाजला. त्याने मान वळवून तो कानाला लावला. मुलगी एक पाऊल मागे सरली आणि वाट बघत उभी राहिली. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. उजवा हात केसांपासून वीतभर लांब, हवेत. कात्री चालूच होती. कच, कच, कच.

बाईंच्या हातातला कप बशीवर टेकला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाला तीन.

“तू आत्ता केस कापत नाहीयेस,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मग हात का चालवतेस?”

मुलीला प्रश्नच कळला नाही. तिने बापाकडे पाहिलं.

“चालवतेय कुठं, मॅडम?” कारागीर पेपरची घडी घालत म्हणाला. “काम नसलं की हात असाच असतो.”