एकही तक्रार नाही

"वर्षभरात एकही तक्रार नाही," ग्रंथालयाचे अध्यक्ष दिघावकर बैठकीत म्हणाले. "मग वेबसाइट मुळापासून कशाला बदलायची? रंग बदलू, अक्षरं मोठी करू, झालं."

ग्रंथपाल शाल्मलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको गेल्यापासून एकटे पडलेले मोहिते सर आज सकाळीच तिला विचारत होते, "आपल्याकडे मरणावर एकही पुस्तक नाही का हो?"

तसल्या पुस्तकांनी कपाटं भरून होती. पण वेबसाइट वाचकाच्या मनगटावरच्या पट्टीतून त्याची नाडी बघायची आणि जे वाचून ती वाढेल, ते त्याच्यापुरतं गाळून टाकायची. मोहिते सरांना ती कित्येक महिने नुसते विनोद आणि बागकाम दाखवत होती.

"तक्रारी येणार कुठून?" शाल्मली कडाडली. "माणूस चिडला की तक्रारीचं बटणच गायब होतं! आणि एखाद्याला रडायचं असेल तर रडू दे ना. तुमचं काय जातं?"

"ताई, आधी शांत व्हा बघू," दिघावकर जांभई आवरत म्हणाले. "प्रत्येकाने आपापल्या पडद्यावर मत द्या, म्हणजे विषय संपला."

मतदानही त्याच वेबसाइटवर होतं. शेजारच्या सदस्याच्या पडद्यावर तिला दोन पर्याय दिसले, 'किरकोळ बदल' आणि 'संपूर्ण फेररचना'.

शाल्मलीने रागारागातच, मनगटावर पट्टी असलेल्या हाताने आपलं पान उघडलं. त्यावर फक्त 'किरकोळ बदल' एवढंच होतं, आणि खाली एक हसरं सूर्यफूल डोलत होतं.