हिरवा ठिपका

"अगं मैना, ठिपका हिरवा झालाय! उचल फोन, उचल!" साहेब तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत म्हणाले. त्यांचा पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणत. मैना हे नाव मात्र त्यांनीच ठेवलेलं. ती पढवलेलं घडाघडा बोलायची ना, म्हणून.

पडद्यावरचा 'अनामिक पाहुणा' बरेच दिवस कंपनीच्या साइटवर, विगच्या पानावर घुटमळत होता. यायचा, बघायचा, काही न घेता जायचा. आज सॉफ्टवेअरनं त्याचा छडा लावला होता. त्याच लॅपटॉपवरून पूर्वी कुणीतरी नाव-नंबर देऊन मिशीला लावायचा काळा रंग मागवला होता. झालं, अनामिकाला नाव चिकटलं. आणि ठिपका हिरवा म्हणजे पाहुणा आत्ता साइटवर आहे.

मैनाचा या महिन्यात अजून भोपळासुद्धा फुटला नव्हता. तिनं नंबर लावला.

"नमस्कार सर, आमचे विग बघताय ना आपण? काही मदत करू का?"

"विग?" पलीकडचे काका मोकळं हसले. "अहो बाई, टक्कल पडून जमाना झाला, आता कुणाला फसवू? आणि बघतोय कुठला, मी गॅलरीत कपडे वाळत घालतोय."

"पण सर, आत्ता बघताय तुम्ही. बायकांचे, खांद्यापर्यंतचे, कुरळे..."

काकांचं हसू थांबलं. "कुरळे?"

"हो सर. आणि त्याआधी ते पान वाचलंत ना, उपचार सुरू झाल्यावर केस गळायला लागले तर काय करायचं..."

बोलता बोलता मैनानं जीभ चावली. लॅपटॉप काकांचा होता, बघणारं माणूस दुसरंच. सॉफ्टवेअर ओळखतं ते लॅपटॉपला, त्याच्यासमोर कोण बसलंय हे त्याला कुठलं कळायला!

"सर, सॉरी, माझी चूक झाली. मी..."

"रिपोर्ट चांगला आलाय म्हणाली मला बायको," काका हळूच म्हणाले. "हसून म्हणाली हो."

मैनाला रडूच येऊ लागलं. मागून भिंगरीचं चालूच होतं, "काय म्हणतोय? सूट देतो म्हणावं, सूट!"

"बाई, माझं नाव तिथून काढता येतं का?"

"येतं, सर."

"काढा मग. आणि पुन्हा कुणी फोन करू नका. मला काही कळलेलं नाही. ती सांगेल तेव्हाच मला कळायचंय."

मैनानं नाव काढलं. पडद्यावर पुन्हा 'अनामिक पाहुणा' आला. ठिपका हिरवाच होता.

"अगं, हे काय केलंस? गेलं ना गिऱ्हाईक!" साहेब ओरडले. तिनं ऐकलंच नाही.

काका फोन बंद करायला विसरले होते. चपला फरफटल्याचा आवाज आला, मग दार करकरलं. आता आपणच फोन ठेवायला हवा, हे मैनाला कळत होतं, पण बोट हलेना.

"अगं, काय करतेयस?" काकांनी आत हाक दिली, अगदी रोजच्या आवाजात.

पडद्यावरचा ठिपका विझला.

"काही नाही हो," बाईचा आवाज आला. "बसलेय नुसती."